१ला, २रा, ३रा... २१ला? आकड्यांना ला-रा-था-वा लावून देणारं काही तयार मिळतं का?

सोलापुरी_चादर | मंगळवार, रात्री ११:०६

मंडळी, डोकं बंद पडलंय म्हणून धागा काढतोय.

माझी धाकटी बहीण शाळेत शिकवते. यंदा त्यांच्याकडे आंतरशालेय मैदानी स्पर्धा आहेत. प्रमाणपत्रांवर हाताने नावं लिहून बोटं दुखतात, तेव्हा "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना, एवढं करून दे" असं फर्मान सुटलं. काम किरकोळ वाटलं. एक्सेलमधून नाव, इयत्ता, खेळ आणि क्रमांक उचलायचा, साच्यात भरायचा, छापायचं. सोलापूर असल्यामुळे साचे चार : मराठी, कन्नड, तेलुगू, इंग्रजी. ज्या माध्यमाची शाळा, त्या भाषेत प्रमाणपत्र.

इंग्रजीचा नियम कॉलेजपासून पाठ आहे. शेवटी १ असेल तर 'स्ट', २ ला 'न्ड', ३ ला 'र्ड', बाकी 'थ', आणि ११-१२-१३ ला मात्र 'थ'च. कन्नडसाठी तिथल्या सरांना फोन केला. म्हणाले, आकड्यापुढे 'ने' लावा, संपलं. मुलगा असो, मुलगी असो, दुसरा असो, एकशे चाळिसावा असो. तेलुगूच्या बाईंनी तसाच 'व' लावायला सांगितला. दोन्ही मिळून दहा मिनिटं.

आणि मराठी, जी घरात बोलतो, तिने तीन रात्री खाल्ल्या. पहिल्या रात्री मी इंग्रजीचंच फंक्शन घेतलं आणि 'स्ट-न्ड-र्ड-थ'च्या जागी 'ला-रा-रा-वा' टाकलं. छापून बघितलं तर '४वा क्रमांक' आणि सहा किलोमीटरच्या शर्यतीत '२१ला क्रमांक'. बहीण म्हणाली, "२१ला म्हणजे काय, एकवीस तारखेला?" दुसऱ्या रात्री ते दुरुस्त केलं, तर 'इयत्ता ७वा' आलं. तिसऱ्या रात्री 'वा'चा 'वी' करायची सोय केली, तर 'अंतिम ३री फेरीत' आणि '२रा पारितोषिक'.

प्रश्न साधा आहे. आकडा दिला की मराठी क्रमवाचक परत देणारं काही तयार मिळतं का? बाकीच्या भाषांचे लोक काय करतात?

बटाटेवडा | मंगळवार, रात्री ११:०९

मी पयला!

(वाचतो नंतर.)

मुळामुठा | मंगळवार, रात्री ११:१५

आणि मी २ला. मी बाई आहे, पण सॉफ्टवेअरने ठरवलंय, मला बोलू नका.

ठोकळेबाज | मंगळवार, रात्री ११:४८

चादर, तयार आहे, पण तुम्ही मागताय तसं नाही.

जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना कोड देणारे जे युनिकोडवाले, त्यांचा सीएलडीआर नावाचा साठा आहे. जगभरच्या भाषांमध्ये तारखा, चलनं, आकडे कसे लिहितात याची माहिती त्यात असते, आणि तुमचा फोन, ब्राउझर, सगळे तिथूनच उचलतात. त्यात प्रत्येक भाषेचे क्रमवाचकांचे डबे ठरलेले आहेत. डब्यांची नावं सगळीकडे तीच : झिरो, वन, टू, फ्यू, मेनी, अदर. कुठल्या भाषेला किती डबे लागतात आणि कुठला आकडा कुठे जातो हे मात्र ज्याचं त्याचं. मराठीला चार पुरतात. १ 'वन'मध्ये, २ आणि ३ 'टू'मध्ये, ४ 'फ्यू'मध्ये, बाकी अख्खी दुनिया 'अदर'मध्ये. म्हणजे ला, रा, था, वा. तुमचा २१ इथे आपोआप 'अदर'मध्ये पडतो, कारण मराठीचा नियम शेवटचा अंक बघतच नाही, पूर्ण आकडा बघतो.

कन्नड, तेलुगू, तमिळ यांना एकच डबा. इंग्रजीला चार. वेल्शला सहाच्या सहा. इटालियनमध्ये ८, ११, ८० आणि ८०० यांना वेगळा डबा आहे, कारण हे शब्द स्वराने सुरू होतात आणि आधीच्या उपपदाची शेपूट गळते.

जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत इंटल डॉट प्लुरलरूल्सला 'टाइप ऑर्डिनल' (म्हणजे क्रमवाचक) सांगून भाषा 'एमआर' (म्हणजे मराठी) दिलीत की ३ ला 'टू' असं उत्तर येईल. ते फक्त डबा सांगतं. डब्यात काय ठेवायचं ते तुम्ही लिहायचं. आयसीयू (दवाखान्यातलं नव्हे, युनिकोडवाल्यांचाच तयार प्रोग्रॅमसंच) यातल्या मेसेजफॉरमॅटमध्ये हेच काम 'सिलेक्टऑर्डिनल' करतो.

कांदेपोहे | बुधवार, सकाळी ७:३०

एवढं रामायण कशाला? 'क्रमांक : ३' लिहा आणि झोपा.

सोलापुरी_चादर | बुधवार, सकाळी ८:०२

@कांदेपोहे, मीही हेच म्हणालो होतो. बहिणीचं उत्तर : "प्रमाणपत्र आहे ते, रेशनच्या दुकानातलं टोकन नाही. भिंतीवर लावतात पोरं."

@ठोकळेबाज, हे फारच उपयोगी. पण माझं दुखणं अर्धंच बरं झालं. साच्यातलं खरं वाक्य बघा : 'इयत्ता ७वीतील कु. अमुक हिने अंतिम २ऱ्या फेरीत यश मिळवून ३रा क्रमांक व २रे पारितोषिक पटकावले.' एका वाक्यात वी, ऱ्या, रा आणि रे. डबा तर शेवटच्या तिन्ही ठिकाणी 'टू'च आहे!

अनुवादिनी | बुधवार, सकाळी ९:४०

या डब्यांनी माझी एकदा चांगली जिरवलीय.

मी ॲप्सचं मराठीकरण करते. एका व्यायामाच्या ॲपचं काम होतं, 'तुमचा अमुकावा दिवस' असं काहीतरी. फाइलमध्ये इंग्रजीच्या चार ओळी : वन, टू, फ्यू, अदर. समोर मराठीच्या चार रिकाम्या चौकटी, त्याच नावांच्या. इंग्रजीत 'फ्यू'समोर 'र्ड' होतं, म्हणजे तिसरा. मी सरळ 'रा' लिहिलं. 'टू'समोर 'न्ड', तिथेही 'रा'. मनात म्हटलं, वा, मराठी किती सोपी.

पण मराठीच्या 'फ्यू'मध्ये तीन नाहीच, तिथे एकटा चार बसलाय. तीन 'टू'मध्ये दोनाच्या मांडीला मांडी लावून बसतो. परिणाम : १ला, २रा, ३रा दिवस अगदी बरोबर, आणि चौथ्या दिवशी प्रत्येक मराठी माणसाला '४रा दिवस'. तपासणाऱ्यांनी पहिले तीन आकडे टाकून बघितले, ठीक म्हणाले. चार महिन्यांनी माझ्या मावसभावाने स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "हे कुणी केलं असेल गं?"

तेव्हापासून डब्याचं नाव वाचायचं नाही, त्यात कोण राहतं ते आधी विचारायचं.

निशाचर | बुधवार, दुपारी १:२०

चादर, तुमचं दुसरं दुखणं भाषेच्या अंगचं आहे. कन्नडचा 'ने' कुणासमोर वाकत नाही. आपलं क्रमवाचक हे आकारान्त विशेषण, म्हणून ते पुढच्या नामाच्या तालावर नाचतं. 'आकडा द्या, शब्द घ्या' असं फंक्शन मराठीत लिहिताच येत नाही. त्याला पुढचं नाम सांगावं लागतं, निदान त्याचं लिंग आणि ते सामान्यरूपात आहे की नाही एवढं तरी.

घाबरू नका, शेवटं चारच आहेत. आ, ई, ए, या.

ला, ली, ले, ल्या
रा, री, रे, ऱ्या
था, थी, थे, थ्या
वा, वी, वे, व्या

अनेकवचनं यातच भागतात. पहिले पाच खेळाडू (ले), पहिल्या पाच मुली (ल्या), पहिली पाच पारितोषिकं (ली). बाहेरचं काही लागत नाही.

बटाटेवडा | बुधवार, दुपारी १:२६

चार चोक सोळा. सोळा आणे काम. पण 'पहिलं बक्षीस' म्हणणाऱ्यांनी कुठे जायचं? आमच्याकडे 'पहिले बक्षीस' फक्त माइकवर म्हणतात.

निशाचर | बुधवार, दुपारी १:३५

मग वीस. प्रमाणपत्र माइकच्या जातीचं आहे, सोळातच भागवा.

भुट्टे_का_कीस | बुधवार, दुपारी ३:१२

इंदूरहून सलाम. आमच्या ऑफिसात मराठी आणि हिंदी म्हणजे 'एकच लिपी, एकच फाइल' समजतात. हिंदीला पाच डबे आहेत, पाचवा 'मेनी' आणि त्यात एकटा ६, कारण हिंदीत पाँचवाँ, छठा, सातवाँ. गुजरातीतही तसंच : पांचमो, छठ्ठो, सातमो. कुणीतरी हिंदीची फाइल उचलली, मराठीला चिकटवली, 'वाँ' वरचे चंद्रबिंदू पुसले आणि काम फत्ते म्हणून सोडून दिली. सहा महिने आमच्या मराठी ग्राहकांना '६ठा हप्ता' भरण्याची आठवण जात होती.

सहा या आकड्याने बाकी सगळीकडे गडबड केलीय, मराठीत मात्र तो शहाण्यासारखा 'सहावा' होऊन बसलाय, याचं कौतुक कुणाला नाही.

मांडवीकाठ | बुधवार, संध्याकाळी ५:५०

कोकणीत पयलो, दुसरो, तिसरो, चवथो, पांचवो. घडण तुमच्यासारखीच, आणि लिंगाप्रमाणे पयलो, पयली, पयलें. तेव्हा बटाटेवडा, तुमचा 'मी पयला' आमच्याकडे 'हांव पयलो'. आणि तुमच्या त्या 'पहिलं'वाल्या टिंबाला आमच्याकडे माइकवरही मान आहे.

श्वेतबर्फ | बुधवार, रात्री ८:२५

म्युनिकहून. जर्मन माणसाने हा प्रश्न एका टिंबात सोडवलाय. ३ लिहून पुढे टिंब दिलं की तो तिसरा. '३. ऑक्टोबर'. आधीच्या शब्दाप्रमाणे तो 'ड्रिटे' होतो नाही तर 'ड्रिटेन', ते वाचणाऱ्याने तोंडात ठरवायचं. कागदावर लिंग नाही, विभक्ती नाही, भानगड नाही. चादर यांची सोळाच्या सोळा रूपं त्या टिंबाच्या पोटात.

वचपा दुसरीकडून निघतो. माझं काम मजकुराची वाक्यं तोडणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे. त्याला टिंब दिसलं की वाटतं वाक्य संपलं. मग 'बैठक ३.' हे एक वाक्य आणि 'ऑक्टोबरला आहे' हे दुसरं.

कांदेपोहे | बुधवार, रात्री ८:४०

म्हणजे जर्मन लोकही 'क्रमांक : ३'च लिहितात, फक्त टिंब उजवीकडे सरकवून. माझं म्हणणं सिद्ध झालं.

समुद्रपक्षी | बुधवार, रात्री १०:१०

जर्मनी आलीच आहे तर डेन्मार्कही घ्या, अवांतराबद्दल क्षमस्व.

डॅनिशमध्ये पन्नासला 'हालट्रेस' म्हणतात. मूळ अर्थ 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण झाले आणि तिसरा अर्धा, अडीच. अडीच विसा पन्नास. सत्तर म्हणजे अर्धा-चौथा वीस, साडेतीन विसा. नव्वद म्हणजे अर्धा-पाचवा वीस. रोजच्या बोलण्यात तो 'गुणिले वीस' केव्हाच गळून गेला. गंमत अशी की पन्नासचा पन्नासावा करायला गेलात की तो परत उगवतो : 'हालट्रेसिन्सट्यूवने'. आकडा आखूड, क्रमवाचक हातभर. आमच्या कंपनीच्या पन्नासाव्या वर्षाच्या कार्यक्रमात बटणावरचं लेबल दोन ओळींत गेलं ते यामुळे.

मला हे विचित्र वाटायचं. मग एक दिवस ट्यूब पेटली की आपण वेगळं काय करतो? अडीच हा 'अर्धतृतीय'वरून आलाय. म्हणजे अर्धा-तिसरा, हुबेहूब. आणि जुना औट, साडेतीन, 'औट हात देह'मधला, तो 'अर्धचतुर्थ', अर्धा-चौथा. भाजीवाल्याकडे अडीच किलो कांदे मागताना आपण क्रमवाचक वापरतो आणि आपल्याला पत्ताच नसतो.

खडूफळा | बुधवार, रात्री १०:३२

अहाहा, औट! आमचे अण्णा औटकीपर्यंत पाढे म्हणायचे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पहाटे, न थांबता, दाढी करताना. त्यांना विचारायला हवं होतं हे.

बरं, चादर यांचा प्रश्न राहिला. उद्या सवडीने लिहिते, माझ्याकडे त्यावर घरगुती औषध आहे.

निशाचर | गुरुवार, पहाटे १:१५

तोवर अक्षरी रूपांचं बघू. प्रमाणपत्रावर 'एकविसावा' असं अक्षरात छापायचं म्हटलं तर 'वा' चिकटवून चालत नाही. दहा ते अठरा सरळ आहेत, दहावा, अकरावा, अठरावा. एकोणीसला आपण 'एकोणीसवा' म्हणत नाही, 'एकोणिसावा' म्हणतो. मध्ये एक 'आ' येतो आणि आधीची दीर्घ 'णी' ऱ्हस्व होते. वीस-विसावा, तीस-तिसावा, चाळीस-चाळिसावा. ऱ्हस्व-दीर्घाची ही पाटी प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र लावावी लागेल. आकड्यात '२१वा' लिहिलं की सगळं झाकलं जातं, कारण तो 'आ' वाचणारा आपल्या पदरचा घालतो.

शंभराच्या पुढे एकशे एकावा, एकशे दोनावा, एकशे तिनावा, एकशे चारावा. इथे पहिला-दुसरा-तिसरा-चौथा परत येत नाहीत. इंग्रजीत येतात, म्हणून तर चादर यांचं फंक्शन २१ ला फसलं. फ्रेंच आपल्या बाजूचे आहेत : एकटा पहिला 'प्रमिए', पण एकविसाव्यात तो येत नाही, तिथे 'युनिएम' असा वेगळाच, आपल्या 'एकाव्या'सारखा.

मुळामुठा | गुरुवार, सकाळी ९:०५

'एकशे दोनावा' कोण म्हणतं? मी तर अडखळते आणि 'एकशे दोन नंबरचा' म्हणून सुटका करून घेते. आमच्या आजी 'शंभरावर दुसरा' म्हणायच्या.

मजल्यांवरून आठवलं (कुणी काढले नव्हते मजले, मी काढते). आमच्या सोसायटीच्या लिफ्टची पाटी कुठल्यातरी अमेरिकी साच्यातून मराठीत आली. त्यांचा पहिला मजला जमिनीवर, आपला जिन्याने चढून गेल्यावर. लिफ्ट तळमजल्यावर येऊन गोड आवाजात "पहिला मजला" म्हणायची आणि वर जायला निघालेले पाहुणे लिफ्टमधून उतरून परत चढायचे. ला-रा-था-वा सगळं शुद्ध, मजला चुकीचा.

ऐकून_वाचणारा | गुरुवार, सकाळी ११:४५

मी स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतो, म्हणून माझ्या कानाची बाजू सांगतो.

'३रा क्रमांक' मला ऐकू येतो 'तीन रा क्रमांक'. '४था' म्हणजे 'चार था', हिंदी बातम्यांसारखं. सवय झालीय. पण '१ला' सगळ्यात वाईट, कारण 'एक ला' हे मराठीत स्वतःच एक धड वाक्य आहे. 'बैठक १ला आहे' म्हणजे दुपारी एकला की महिन्याच्या पहिल्या तारखेला? चादर यांच्या बहिणीने '२१ला'वर विचारलं तेच. त्यात कुणी मध्ये जागा सोडून '१ ला' लिहिलं आणि ओळ तिथेच मोडली तर डोळ्यांनी वाचणाऱ्याचंही तेच होणार. जागा सोडायचीच असेल तर न तुटणारी सोडा.

माझी विनंती : जिथे दहाच्या आतले आकडे आहेत तिथे सरळ अक्षरात 'तिसरा' लिहा. दहा शब्द आहेत, गुणिले चार शेवटं. चाळीस ओळींची तर यादी.

ठोकळेबाज | गुरुवार, दुपारी १२:२०

@ऐकून_वाचणारा, पूर्ण सहमत. हे मला सुचायला हवं होतं.

चादर, दोन खड्डे आधीच दाखवून ठेवतो. एक, एक्सेलमध्ये बाईंनी क्रमांक देवनागरीत भरला असेल तर जावास्क्रिप्टचं मजकुरातून आकडा काढणारं पार्सइंट '३' बघून हात वर करतं, हा आकडाच नाही म्हणतं. पायथन या दुसऱ्या भाषेतलं त्याच कामाचं इंट बिनतक्रार घेतं. दोन, '२ऱ्या'मधला ऱ्या. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ ला स्वतंत्र कोड आहे, त्याचा पाय मोडून य, किंवा साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारा जोडणारा, मग य. दोन्ही छापल्यावर सारखेच दिसतात, पण शोधताना एक टाकलात तर दुसरा सापडत नाही. आणि दोन्ही न करता नुसतं र-हलन्त-य टाकलंत तर रफार वर जातो आणि 'दुसर्या' होतं. दऱ्या आणि दर्या यांच्यातला फरक तो हाच.

बटाटेवडा | गुरुवार, दुपारी १२:३१

हा विसावा प्रतिसाद. दमला असाल, तर विसावा घ्या.

कांदेपोहे | गुरुवार, दुपारी १२:३८

मूळ लेख धरला तर एकविसावा. की प्रोग्रॅमरांसारखं शून्यापासून मोजलंत?

बटाटेवडा | गुरुवार, दुपारी १२:४०

मूळ लेख हा तळमजला.

खडूफळा | गुरुवार, रात्री ९:००

चादर, आता माझं औषध. एकतीस वर्षं शाळेत काढलीत, शेकडो प्रमाणपत्रं लिहिलीत. बक्षिसाच्या प्रमाणपत्रावर 'पहिला, दुसरा, तिसरा' कुणी लिहितं का हो? प्रथम, द्वितीय, तृतीय. आणि तिसऱ्यानंतर सगळे 'उत्तेजनार्थ'. चार शब्द. प्रथम क्रमांक, प्रथम पारितोषिक, प्रथम फेरीत. लिंग नाही, सामान्यरूप नाही, ऱ्या नाही. संस्कृत तत्सम विशेषण मराठीत आलं की ताठ उभं राहतं.

आमच्या बंगाली शेजारीण रोजच्या लिहिण्यातच हे वापरतात, आकड्यामागे शेवटचं अक्षर लावून. प्रथम, पंचम, सप्तम, अष्टम, नवम, दशम हे सगळे 'म'वाले, द्वितीय-तृतीय 'य'वाले, मग चतुर्थ आणि षष्ठ एकेकटे.

ठोकळेबाज | गुरुवार, रात्री ९:१४

बाई, दंडवत. सीएलडीआरमध्ये बंगालीचे डबे अगदी असेच आहेत. १, ५, ७, ८, ९, १० एका डब्यात. ते इतके विस्कटलेले का, हे मला आज कळलं. मी आपला नियम म्हणून पाठ केला होता.

अनुवादिनी | गुरुवार, रात्री ९:३०

औषध छान, पण सहा किलोमीटरच्या शर्यतीत २१व्या आलेल्या पोराला 'एकविंशतितम' देणार का? आणि 'इयत्ता सप्तमी' केलंत तर पंचांग होईल.

सोलापुरी_चादर | रविवार, रात्री १०:५०

काम झालं, म्हणून हिशोब देतो.

फंक्शन काढून टाकलं. मराठीचं प्रत्येक वाक्य पूर्ण लिहिलं आणि ते आकड्यानुसार निवडायचं एवढंच काम प्रोग्रॅमकडे ठेवलं. बक्षीसवाल्यांना खडूफळा बाईंचं प्रथम-द्वितीय-तृतीय-उत्तेजनार्थ. इयत्ता अक्षरात, 'पाचवी' ते 'दहावी', सहा शब्द, हाताने टाइप केले. शर्यत पूर्ण केलेल्या बाकीच्यांना आकड्यात, '२१वा क्रमांक', तिथे ठोकळेबाजांचे चार डबे. '२ऱ्या फेरीत' हा उल्लेखच बहिणीने काढला. म्हणाली, फेरी कुणाला हवीय, नाव मोठ्या अक्षरात येऊ दे. देवनागरी आकड्यांचा खड्डा खरोखर लागला, उंच उडीच्या पानावर.

ऐंशी प्रमाणपत्रं मराठीत गेली. कन्नड आणि तेलुगू दोन्हीकडे 'ने' आणि 'व' बिनबोभाट. तिथे एक मुलगा पहिला आला होता, सर म्हणाले '१ने' चालेल पण 'प्रथम' शोभेल. म्हणजे तिथेही तेच औषध!

आता नवीन अडचण. चारशे मीटरमध्ये दोघी एकाच वेळी पोहोचल्या, दोघींना द्वितीय. त्यांच्यामागून आलेली तृतीय की उत्तेजनार्थ? पंच म्हणतात ती चौथी आली, बहीण म्हणते तिसरं बक्षीस शिल्लक आहे ना, मग तिसरी. मुलीची आई उद्या सकाळी शाळेत येणार आहे.

कांदेपोहे | रविवार, रात्री १०:५८

'क्रमांक : ३' लिहिलं असतंत तर

सोलापुरी_चादर | रविवार, रात्री ११:०१

तरी ३ की ४ हे उरलंच असतं, पोहे.

बटाटेवडा | रविवार, रात्री ११:०३

यासाठी २रा धागा काढा. मी पयला.